दोन ओळींचा क्रम

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळही नाही. आणि आता सांगायला बसलो तर आधी आठवतेय काय, तर वर्गातली मजा! मग तीच आधी सांगतो.

बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर मी वेब डिझाइनचा क्लास घेतो. पोरं रंग, अक्षरं, फोटो जुळवून झकास पानं करतात, पण पानं निपचित. मग एके दिवशी पान हलवणारी भाषा, जावास्क्रिप्ट, येते. चार ओळी लिहायच्या, बटण दाबायचं — आणि मेनू सर्रकन उघडतो! "सर, हललं!" कुणीतरी ओरडतंच. त्यापुढे लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. एका ओळीनं पानाला जोडला की फोटो काय सरकतात, खिडक्या काय उघडतात! इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी माझ्याच अंगावर काटा येतो. तुम्हाला होतं का असं कधी — तेच ते शिकवताना?

तो ओरडा माझ्यासाठी असतो, असं मी धरून चाललो होतो.

प्रज्ञा माझ्या एका बॅचमधली, नागपूरकडची; इथे कॉट बेसिसवर, नुसती खाट भाड्यानं घेऊन राहायची. मी लायब्ररी लावून फोटो सरकवत होतो, तर मागून म्हणाली, "एवढ्यासाठी लायब्ररी कशाला सर? साधं लिहूनही होते ना." आणि करून दाखवलं! अख्खा वर्ग तिच्या स्क्रीनभोवती. "हललं!" तिकडून ऐकू आलं. मी शाबासकी दिली. पण आत — काय सांगू?

दुसऱ्या दिवशी मी नियम काढला: शेवटच्या प्रोजेक्टमध्ये लायब्ररी हवीच.

प्रोजेक्ट पाहायला हिंजवडीच्या एका कंपनीतून दोघं आले. एकाला नोकरी देणार होते. प्रज्ञाला ती मिळाली नाही तर गावी परतावं लागणार होतं. तिचा नंबर जवळ आला, तेव्हा ती घाईघाईनं कोड नीटनेटका करत होती. त्यात लायब्ररी जोडणारी ओळ तिचा स्वतःचा कोड जोडणाऱ्या ओळीच्या खाली गेली. ब्राउझर वरून खाली वाचत येतो. लायब्ररी आधी आली नसेल तर तिच्यावर बेतलेला कोड ठप्प. मला ते दिसलं — एका नजरेत दिसलं.

"बरोबर आहे ना सर?"

"हो. जा."

तिनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही हललं नाही. "सर, घरी चालत होतं..."

"घरी सगळ्यांचंच चालतं," मी म्हणालो. वर्ग हसला, पाहुणेही हसले. टोमणा मला जमतो — फार चांगला जमतो.

नोकरी दुसऱ्याला मिळाली. जाताना ती मला भेटायला आली. म्हणाली, "सॉरी सर, माझ्यामुळे क्लासचं नाव खराब झालं." मी म्हणालो, "असू दे."

असू दे!

तेव्हापासून प्रत्येक बॅचला लायब्ररी शिकवताना मी एका धांदरट मुलीची गोष्ट सांगतो. रंगवून सांगतो. पोरं खिदळतात आणि त्या दोन ओळींचा क्रम कुणी विसरत नाही. कालच सांगितली. मजा आली — हेही खरंच.

ती धांदरट नव्हती. नुसतं बोट ठेवून 'ही ओळ वर घे' म्हणायचं होतं. मी तिच्या खुर्चीमागेच उभा होतो, वेळही होता. मला ती चूक हवी होती.