मेंदूतल्या पाखाड्या

मेंदूच्या दवाखान्यात सगळं गंभीरच चालत असेल, असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटायचं! रत्नागिरीत आमच्या डॉक्टरांकडे स्पीच थेरपिस्ट म्हणून लागले आणि किस्से इतके साठले, की आता कोणाला तरी सांगायलाच हवेत.

*

डॉक्टरांना समजावून सांगायची भारी हौस. "मेंदूत वाड्या असतात. बोलण्याची एक, ऐकण्याची एक. त्यांना जोडणारा पांढरा भाग म्हणजे पाखाड्या, आपल्या दगडी पायवाटा. पाखाडी बंद झाली, की वाड्या शाबूत असूनही माणूस अडतो."

राजापूरकडच्या एका पेशंटच्या भावाने मन लावून ऐकलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "वाट अडवलीन कोणी? चुलत्यानंच ना?"

भाऊबंदकी थेट मेंदूत पोचली होती!

*

स्मरणशक्तीच्या टेस्टला डॉक्टर तीन शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने परत विचारतात. आंबा, खुर्ची, रेल्वे. वर्षानुवर्षं तेच! त्यामुळे बाहेरच्या बाकावर नवे पेशंट जुन्यांकडून तयारी करून घेतात.

एकदा डॉक्टरांनी शब्द बदलले. एक निवृत्त मास्तर भयंकर संतापले. "पोर्शन बदललात, तर आधी कळवायला नको?"

*

मिरकरवाड्याचे दत्तातात्या माशांचा लिलाव पुकारायचे. स्ट्रोकनंतर त्यांचं बोलणंच गेलं. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर येईना. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, रोज विचारायच्या, "परत बोलतील ना हो?" मला छातीठोकपणे 'हो' म्हणता येत नसे, याचं फार वाईट वाटायचं.

गाण्याची वाट मात्र बऱ्याचदा वेगळी असते. तात्या आरती अख्खी म्हणायचे! म्हणून मी त्यांना 'चहा' हा शब्द आरतीच्या चालीवर शिकवला.

दुसऱ्या दिवशी काकी वैतागून आल्या. "ह्यांनी चहा मागितलानी, तर शेजारी झांजा घेऊन हजर! सगळ्यांना चहा करत बसल्ये मी."

*

मग मी म्हटलं, "तात्या, आता काकींचं नाव. सुलोचना."

काकी लाजल्या. तात्यांनी उभ्या संसारात त्यांना नावाने हाक मारली नव्हती. लग्नातही उखाणा चुकवून पळाले होते. एरवी 'अगो'वर भागायचं.

तात्यांनी मांडीवर ठेका धरला. अडले, घामाघूम झाले. आणि अचानक चाल सोडून, लिलावाच्या खणखणीत आवाजात ओरडले, "सुलोचना!"

माझे डोळे भरून आले. डॉक्टर धावत आले.

काकींनी घाबरून डॉक्टरांचा हात धरला. "डॉक्टर, एमआरआय परत काढा! डोक्यात कायतरी वाढलाय. हे असे नव्हते हो!"