खांद्यावरच्या पोथ्या

मी सावद्याचा, केळीच्या मुलखातला. लष्करात इंजिनिअर रेजिमेंटमध्ये होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. लोक मला सीमेवरचं काही सांगा म्हणतात. मी सांगतो ते घरापासून दोन-तीन तासांवरच्या एका गावाचं, कारण त्या दिवसाचा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो.

तापीला पूर आला होता. आमचा कॉलम सकाळी धुळे जिल्ह्यातल्या काठावर पोचला. दोन मोटरबोटी, बावीस जवान. नऊ वाजता फेऱ्या सुरू झाल्या. आधी आजारी आणि लेकुरवाळ्या, मग म्हातारे, मग बाकीचे. बोटीत सामान घ्यायचं नाही असा हुकूम होता. शेळी सोडावी लागली म्हणून एका अक्कांनी माझी कॉलर धरली, पण हुकूम तो हुकूम. साडेबाराला गाव रिकामं झालं.

एक माणूस सोडून. मंदिराच्या माळ्यावर नाना बसले होते. ते गावाला पोथी वाचून दाखवत. त्यांच्यामागे लोखंडी पेटीत गावाच्या हस्तलिखित पोथ्या होत्या, कित्येक पिढ्यांनी हाताने उतरवलेल्या. श्रावणात घरोघर वाचल्या जात. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी चला म्हणालो.

"पोथ्या सोडीसन मी नही येस," ते म्हणाले. आवाजही चढवला नाही.

मी वायरलेसवरून कॅप्टन साहेबांना कळवलं.

"पाणी किती?"

"खालच्या पायरीवर कमरेएवढं, सर. चढतंय."

"एक फेरी. पंचवीस मिनिटं. ओव्हर."

पेटी चौघांनाही हलेना. मी पोथ्या बाहेर काढून ताडपत्रीत करकचून बांधायला लागलो, तशा जुन्या पानांच्या कडा दोरीखाली तुटायला लागल्या. नायक संतोष ते बघून हसला. तो फैजपूरचा, वडील केळी कापणाऱ्या टोळीत. माझे वडील वरणगावला कारकून, त्यामुळे केळी मला खाण्यापुरतीच ठाऊक.

"सावद्याचे ना तुम्ही, उस्ताद? माल असा भरतात का?"

मी हवालदार, तो नायक. पण पुढची वीस मिनिटं हुकूम त्याचा चालला. मंदिराला लागून केळीचा बाग होता, अर्धा पाण्यात. त्याने पानं कापून आणली. आत देवाच्या जुन्या वस्त्राची घडी, वरून हिरवं पान, बांधायला केळीच्या खोडाचीच सालपटं. माळ्यापासून बोटीपर्यंत त्याने जवान उभे केले. घड जमिनीला टेकला की डागतो, तसा गठ्ठा कुठेच टेकवायचा नाही, या खांद्यावरून त्या खांद्यावर द्यायचा, असं त्याने बजावलं. चौथा गठ्ठा गेल्यावर नाना आपणहून उठले आणि बोटीत येऊन बसले.

एक वाजता शेवटचा गठ्ठा खाली आला. संतोष खालच्या पायरीवर छातीभर पाण्यात, मी बोटीत. मागची भिंत कडकडली. गठ्ठा सोडून त्याने माझा हात धरला असता, तर वाचला असता. त्याने आधी गठ्ठा माझ्या खांद्यावर ठेवला.

"टेकू देऊ नका, उस्ताद."

भिंत आणि पाणी एकदमच आलं. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खालच्या अंगाला सापडला.

कागदासाठी माणूस घालवला का, असं मला विचारतात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी उठून गेलो होतो. आता बसून उत्तर देतो. आपल्या हातात काय आहे ते संतोषला ठाऊक होतं. मी तेव्हा रडलो, अजूनही रडतो, आणि तो माझ्या सेक्शनमध्ये होता हे छाती ठोकून सांगतो.

पुढच्या श्रावणात नाना एसटीने फैजपूरला आले. मी बसस्टँडवर उभा होतो. त्यांच्या खांद्यावर केळीच्या पानात बांधलेली पोथी. दोन गाड्या बदलल्या, जागा मिळाली, तरी त्यांनी ती खाली ठेवली नव्हती. संतोषच्या दारात त्यांना वाकून चपला काढता येईनात. संतोषची आई पुढे झाली.

"खाली नका ठेवू, नाना. इकडे द्या."

तिने पोथी खांद्यावर घेतली आणि घरात नेली.

तेव्हापासून त्या गावाचं श्रावणातलं पहिलं वाचन फैजपूरला होतं, नायक संतोषच्या ओट्यावर. आता नानांना ओझं झेपत नाही. बसस्टँडपासून घरापर्यंत पोथी माझ्या खांद्यावर असते. अजून एकदाही टेकवलेली नाही.