मायच्या उशीतली सरकी

माय गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, म्हणून सातव्या महिन्यात मी अकोल्याहून बैलगाडीनं अमरावतीजवळच्या आमच्या गावी आले. रीत करणारी मात्र घरात नव्हती. विधवा आत्या होती आणि बाबा होते. बाबांच्या अंगात त्या वर्षी कापूस संचारला होता.

काळच तसा होता. सातासमुद्रापार कुठे लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडातल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी गाद्या उसवल्या, उशा फाडल्या, लोडसुद्धा रिकामे करून कापूस बाजारात नेला. बाबा सगळ्यांच्या पुढे. मी गाडीतून उतरले तर घरात निजायला घोंगडी, उशाला लाकडी पाट. देवापुढच्या वातीसाठी आत्या जुन्या लुगड्याची चिंधी वळत बसलेली. कापसाच्या गावात ही तऱ्हा! मला हसू आलं आणि रागही आला.

राग मायच्या उशीपायी. माय रेच्यावर कापूस पिळून सरकी काढायची, पण सगळं लक्ष गप्पांत. दरवर्षी ती उशीत नवा कापूस भरायची, तरी बरीच सरकी त्यातच राहायची आणि निजलं की कानाखाली टोचायची.

"हे उशी हाय का सरकीचं पोतं?" बाबा म्हणायचे.

"टोचते तं तिकडं निजा," माय म्हणायची.

लहानपणी मी तिच्या कुशीत त्याच उशीवर झोपले. माझ्या बाळालाही तीच द्यायची, असं अकोल्याहून मनाशी धरून आले होते.

"बाबा, मायची उशी कुठं हाय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. बाबा बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

आत्या म्हणाली, "काहून विचारतं, बाई? या घरात आता कापूस उरला असंन तं आभायातच."

त्या दिवशी मी पोटभर रडले. पुढे बाळंत होईपर्यंत बाबांशी कामापुरतंच बोलले. तेही तसेच. हट्टाला आम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

माघात मुलगी झाली. बारशाच्या दिवशी सकाळीच बाबा दाराशी येऊन उभे राहिले. हातात मायची उशी.

"इकली नाई?" मी विचारलं.

"सरकी लय हाय तिच्यात. कोन घेनार होतं?"

"खोटं बोलून राहिला," आत्या मागून म्हणाली. "ज्वारीच्या कोठीत लपवून ठेवली होती यानं. मले बी आज समजलं."

"मंग मले सांगतलं काहून नाई, बाबा?"

बाबा खाली बघत राहिले. "तू घेऊन जाशीन म्हनून."

माझा सगळा राग तिथल्या तिथे उतरला. त्यांनी पुढे केलेली उशी मी परत त्यांच्याकडे सरकवली, पण ते ऐकेनात. स्वतःच ती उसवून बसले. तान्ह्या जिवाला टोचू नये म्हणून कापूस बोटांनी चाचपून सरकी वेचली. पाळण्यातली गादी आत्यानं भरली. वेचलेली सरकी मात्र बाबांनी बैलांपुढे टाकली नाही, उपरण्याच्या टोकाला बांधून ठेवली. मृगात ती विहिरीजवळ मातीत टोबली.

दिवाळीला मी लेकीला घेऊन आले तेव्हा ती झाडं बोंडांनी लवली होती. तोवर कापसाचा भावही उतरला होता आणि गावानं मुकाट्यानं पुन्हा गाद्या भरायला घेतल्या होत्या. बोंडं फुटली तशी मी वेचत गेले, कापूस रेच्यावर घातला आणि बाबांसाठी उशी शिवली. चार सरक्या मुद्दाम आत राहू दिल्या.

बाबांनी डोकं टेकलं, कूस बदलली.

"टोचून राहिलं," ते म्हणाले आणि लगेच झोपी गेले.