अजून सापडला न्हाय

कुणालाच नको असलेल्या बातम्या माझ्या बायकोच्या मामांइतक्या उत्साहाने सांगणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नसेल. शिवाजी पेठेत सकाळी कुणी "ऐकलं काय?" म्हणत आलं, की माणसं दोनच गोष्टी धरून चालतात. एक तर कुणीतरी गेलं, नाहीतर पेठेची फुटबॉल टीम हरली. मामा मात्र धापा टाकत सांगायचे, "मेडिकलचे लेख शोधायची साईट हाय न्हवं, तिनं शोधायची तऱ्हाच बदलली की!" माणसं गप आपला चहा संपवायची. मामा एका खासगी मेडिकल कॉलेजात ग्रंथपाल होते आणि आपल्या खात्यातली प्रत्येक नवी गोष्ट साऱ्या जगाला कळलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. आजऱ्याच्या एका लग्नात मनगटावरचं घड्याळ हृदयाचं दुखणं कसं ओळखतं, हे त्यांनी शेजारच्या पाहुण्याला पंगतीतच समजावलं, आणि त्या नादात जिलबीचा वाढपी दोघांना वगळून पुढे गेला. सासूबाईंच्या गुडघ्याला कुणी लेप सुचवला, की "ह्याला आधार काय?" म्हणून ते लेख काढायला धावायचे. ते परत येईपर्यंत गुडघा बरा झालेला असायचा.

नुसतं 'न्हाय' म्हणणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. वाळवीने खाल्लेल्या पुस्तकालासुद्धा ते "अजून सापडलं न्हाय" म्हणत. "न्हाय म्हटलं की शोधणं संपतंय, जावईबापू." घरातला गूळ संपला तरी हेच उत्तर. मामी कपाळाला हात लावायच्या.

ह्याच शब्दाने त्यांचा घात केला. कॉलेजात एआय येणार, ही बातमी मामांनीच पेढे वाटावेत तशी घरोघरी दिली होती. ते कधीकधी लेख मनानेच रचतं, हेही सांगितलं होतं. मग एका बड्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे एक लेख मागितला. लेखक, मासिक, पान, सगळं नीट. ही माहिती कुठून मिळाली हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि जगाला आधार विचारणाऱ्या मामांनी विचारलं नाही. एवढा मोठा माणूस खोटं कशाला सांगेल? त्यांनी कपाटं उपसली, पुण्यामुंबईच्या ग्रंथपालांना फोन केले, जेवणावरचं लक्ष उडालं.

नेमकी तेव्हाच एआय आल्यावर ग्रंथालय ठेवायचं की मोडायचं, ह्यावर कॉलेजची बैठक होती. चेअरमननी विचारलं, "सरांनी मागितलेला लेख आहे की नाही? एका शब्दात सांगा."

"अजून सापडला न्हाय, साहेब."

"बघा!" चेअरमन बाकीच्यांकडे वळले. "मशीनला सगळं घावतंय, ह्यांना एक लेख घावंना."

ग्रंथालय गेलं. पुस्तकं तळघरात पडली, मामा घरी बसले, आणि त्या जागेत आता पाहुण्यांचे सत्कार होतात. मला अजून संताप येतो.

परवा राजारामपुरीत मला आणि मामांना तेच डॉक्टर भेटले. हसत म्हणाले, "अहो, तो लेख नव्हताच की! एआयनं रचलेला. आम्हाला तरी काय ठाऊक?" माझ्या तोंडात शिवी आली होती. मामांनी माझा हात दाबला.

रिक्षात बसल्यावर मी चिडून म्हणालो, "मामा, आता तरी म्हणा, लेख न्हाय म्हणून!"

त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी सैल झाला होता.

"म्हंजे माझ्याकडनं हरवला न्हवता की," ते म्हणाले.

मग घर येईपर्यंत त्यांनी मला एकही बातमी सांगितली नाही.