झोळीवाल्या बाई

हजेरी घेताना बाई मुलीचं नाव पुकारायच्या आणि तिनं 'हजर' म्हटलं की लगेच विचारायच्या, "आणि कडेवर कोण?" मग ती मुलगी धाकट्या भावाचं किंवा बहिणीचं नाव सांगायची. आंबिवली स्टेशनापासून दीड मैलावरच्या त्या गावात कडेवर कोणी नाही अशी मुलगी शोधून सापडली नसती. आई-बाप भाताच्या खाचरात, आणि घरातलं तान्हं आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या गळ्यात. मुलींना शाळेत आणायचं तर तान्ह्यांनाही आणावं लागेल, हे बाईंनी पहिल्या आठवड्यातच ओळखलं. शाळा रेल्वेच्या रुळांशेजारी, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरायची. तिथल्या तुळईला त्यांनी जुन्या लुगड्यांच्या सहा झोळ्या बांधल्या आणि मुलग्यांच्या जोडीला अकरा मुली शाळेत बसवल्या.

स्कूल बोर्डाच्या कचेरीत त्यांना 'झोळीवाल्या बाई' म्हणत. म्हणणारे हसत म्हणत, हे सांगायला नकोच. स्वराज्य नुकतंच आलं होतं, गावोगाव शाळा काढायचा हुकूम सुटला होता, पण त्या शाळेत रडकी पोरं असतील असं हुकूम काढणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. एकदा शाळा तपासायला आलेल्या दिपोटी साहेबांनी विचारलं, "बाई, ही शाळा आहे की पाळणाघर?" बाई म्हणाल्या, "साहेब, झोळ्या सोडल्या तर मुलीही जातील. मग तुम्ही रिकाम्या मंडपाला शाळा म्हणा." साहेबांनी शेऱ्याच्या वहीत काहीतरी खरडलं आणि ते चहा न घेता गेले.

बाई ठाण्याला नौपाड्यात दोन खोल्यांत आई आणि भावाबरोबर राहायच्या. चाळिशी उलटलेली, अंगाने किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. भावाला सांभाळायला म्हणून तिसरीत त्यांची शाळा सुटली होती. पुढे सात वर्षांनी त्या पुन्हा पाटी घेऊन लहान मुलींत जाऊन बसल्या. "तोच भाऊ आता कारकून झालाय," त्या सांगायच्या, "आणि लोकांना सांगतो, ताईला मी सांभाळतो!" त्या हसायच्या, पण त्या सात वर्षांबद्दल मी कधी जास्त विचारलं तर विषय बदलायच्या.

मी डोंबिवलीची, एकोणीस वर्षांची, ट्रेनिंग कॉलेजातून पहिल्या वर्गात पास झालेली, आणि डोक्यात हवा गेलेली. बाईंच्या हाताखाली माझी नेमणूक झाली. मधल्या सुट्टीपर्यंत एकीनं शिकवायचं आणि दुसरीनं झोळ्या बघायच्या, सुट्टीनंतर उलट, असा बाईंचा शिरस्ता. मला त्याचा मनस्वी संताप यायचा. मी काय पोरांची शी-शू काढायला शिकले होते? बाईंचा आणखी एक कडक नियम होता. मुलगी एकदा पाटीवर बसली की तिनं भावंडाकडे वळूनही बघायचं नाही. "ते आपलं काम, कुसुम," त्या मला बजावायच्या. "तिची एक नजर झोळीकडे राहिली, तर अक्षर डोक्यात कसं शिरेल?"

दिपोटींची वार्षिक तपासणी आठवड्यावर आली होती. दिवस भातझोडणीचे होते, गाव खळ्यावर होतं. त्या दुपारी झोळ्यांची पाळी माझी होती. बाई मंडपाच्या पुढच्या अंगाला मुलींकडून धडा वाचून घेत होत्या. माझ्या चौथीच्या मुलग्यांचं शुद्धलेखन कच्चं होतं आणि साहेबांसमोर मला शाबासकी हवी होती. पोरं निजली आहेत असं बघून मी मुलग्यांना मागच्या कट्ट्यावर नेलं आणि शुद्धलेखन घालत बसले. किती वेळ, कोण जाणे.

एक गँगमन खांद्यावर पोर घेऊन देवळापाशी आला तेव्हा मी मान वर केली. "ह्ये कोनाचं? रुळाच्या मदी बसलं व्हतं खडी चिवडत." तो आमच्या अकरा मुलींपैकी ठकीचा दोन वर्षांचा भाऊ बाळ्या होता. त्याला खरचटलंही नव्हतं, हसत होता. ठकीच्या हातून पुस्तक पडलं. नियम मोडू नये म्हणून त्या गुणी मुलीनं तासभर मागे वळून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरापैकी एकही मुलगी आली नाही. चौथ्या दिवशी दिपोटी साहेब चौकशीला आले. गावातली माणसं मंडपाच्या पायऱ्यांवर बसली होती. साहेबांनी विचारलं, "त्या वेळी मुलांवर लक्ष कोणाचं होतं?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "माझं. चूक माझी झाली." मी गप्प बसले. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझी मला लाज वाटते. मला कोणी अडवलं नव्हतं, मी नुसती गप्प बसले.

झोळ्या काढायचा हुकूम झाला आणि बाईंची मोखाड्याकडे बदली झाली. कल्याण स्टेशनवर त्यांना निरोप द्यायला गेले तेव्हा मी रडून गोंधळ घातला. बाई वैतागल्या. "पुरे! तू अजून कायम झालेली नाहीस. खरं सांगितलं असतं तर तुला घरीच बसवलं असतं आणि माझीही बदली टळली नसती. मग गावात बाईमाणूस उरलं नसतं. नुसत्या मास्तरांच्या शाळेत ती माणसं मुली पाठवतील का?" मी माफी मागितली तर म्हणाल्या, "माफ-बिफ मी काही करत नाही. उद्या सकाळी त्या अकराही मुलींच्या घरी जा."

मी गेले. पहिलं घर ठकीचं. तिची आई सुपात भात पाखडत होती. मी तिला सगळं खरं सांगून टाकलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"आमाला ठाव हाय गो. ठकीनं त्याच दिशी सांगलं."

"मग साहेबांपुढे कोणी बोललं का नाही?"

"बाय सोता बोलते चूक माजी. चार मान्सांत तिला खोटी कशी पारायची? आमी चार दिस भ्यालो, खरं हाय. पन बाय असती तं पाचव्या दिशी पोर शालंत धारली असती." मग तिनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुज्याकरं नाय धारायची."

दारात ठकी उभी होती, बाळ्याला कडेवर घेऊन. उरलेल्या दहा घरांत मला थोड्याफार फरकानं हेच ऐकायला मिळालं. माझ्यासाठी बाईंनी नाव खराब करून घेतलं, आणि त्यानंच मुलींची शाळा संपली.

पंधरवड्यानं मोखाड्याहून बाईंचं कार्ड आलं. 'मुली येऊ लागल्या का? ठकीला जोडाक्षरं जमतात का?' मी दोन दिवस ते कार्ड घेऊन फिरले आणि मग उत्तर लिहिलं, 'येऊ लागल्या. ठकी धडा न अडखळता वाचते.' एकदा लिहिल्यावर थांबता येईना. बाई दर महिन्याला विचारायच्या, मी दर महिन्याला शिकवायचे. माझ्या पत्रांत ठकीला त्रैराशिक आलं, तिचं अक्षर सुधारलं, आणि तिसऱ्या वर्षी ती चौथी पास झाली.

त्या बातमीवर बाईंचं उत्तर आलं नाही, पार्सल आलं. गोष्टींचं पुस्तक होतं. पहिल्या पानावर बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'चि. ठकीस, चौथी पास झाल्याबद्दल. हे तू स्वतः वाच, कुसुमबाईंना वाचून दाखवायला सांगू नकोस.'

ठकीचं त्याच वैशाखात लग्न झालं होतं. पुस्तक माझ्याकडेच आहे.