सुषमाताईंची कांडवेल

कात्रपच्या सुषमाताई म्हसकरांना शांत बसणं कधी जमलंच नाही. तरुणपणी अंबरनाथच्या मैदानांवर त्यांनी कबड्डी गाजवलेली. लग्नानंतर खेळ सुटला, पण अंगातली रग काही गेली नाही. साठी उलटली तरी सोसायटीत गणपतीचा मंडप उभारताना बांबू धरायला त्याच पुढे. त्यामुळे गॅलरीतल्या ओल्या फरशीवर नुसता पाय घसरला आणि मनगट मोडलं, तेव्हा त्यांना दुखण्यापेक्षा अपमानच जास्त वाटला.

"एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं होय?" त्यांनी हाडांच्या डॉक्टरांनाच विचारलं.

"मोडायला नको होतं, म्हणून तर तपासणी करून घ्या म्हणतोय," डॉक्टर म्हणाले.

तपासणीत हाडं ठिसूळ झाल्याचं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या, कॅल्शियम आणि रोजचं चालणं लिहून दिलं. सुषमाताईंनी गोळ्या सुरू केल्या, पण गोळी गिळून गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. हात प्लास्टरमध्ये, तरी दुसऱ्या हाताने मोबाइलवर शोधाशोध चालू. थोड्याच दिवसांत घरात उठता बसता एकच नाव ऐकू यायला लागलं, कांडवेल.

ही चौकोनी हिरव्या कांड्यांची वेल, काही लोक तिला हाडजोडी म्हणतात. सुषमाताईंची नणंद अंजनी जांभूळ गावात राहते, तिच्या कुंपणावर ती नुसती माजली होती.

"वहिनी, बैलाचा पाय दुखावला की आमचे सासरे ही कुटून बांधायचे," अंजनी फोनवर म्हणाली. "माणसाने खाल्लेली मी तरी बघितली नाय."

तरीही दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर घेऊन आली. सुषमाताईंनी तिची झणझणीत चटणी वाटली आणि महिला मंडळाच्या बायका घरी आल्या होत्या, त्यांनाही भाकरीबरोबर वाढली. पहिल्या घासाला सगळ्यांनी वाहवा केली. दुसऱ्या घासाला शेजारच्या हर्षदाने गळ्याला हात लावला. मग एकेक करत सगळ्याच खाकरायला लागल्या. कांडवेल खाजरी असते, ती तेलात चांगली परतून वर चिंच घालावी लागते, हे व्हिडिओच्या शेवटी सांगितलं होतं. सुषमाताईंनी व्हिडिओ निम्म्यातच बंद केला होता. त्या संध्याकाळी म्हसकरांच्या घरातलं कोकम आगळ संपलं, आणि हर्षदाचा आवाज पुढे बरेच दिवस बसलेला होता.

डॉक्टरांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते हसले, पण मग नीट समजावून म्हणाले, "असं घरी वाटून खाल्लं की पोटात किती गेलं याचा पत्ता लागत नाही. तुम्हाला एवढी हौस आहे ना, मग उल्हासनगरला कांडवेलीवर अभ्यास चाललाय, तिथे नाव द्या."

सुषमाताई एकट्या थोड्याच जाणार. त्यांनी अंजनीलाही तपासणीला ओढून नेलं. तिचीही हाडं ठिसूळ निघाली, म्हणून तिचीही नेहमीची औषधं सुरू झाली आणि दोघींची नावं अभ्यासात लागली.

तिथल्या डॉक्टर मीनल यांनी दोघींना समोर बसवून सांगितलं, "तुमच्या चालू गोळ्या सोडायच्या नाहीत. जोडीला या कॅप्सूल घ्यायच्या. काहींच्या कॅप्सूलमध्ये कांडवेलीची पूड आहे, काहींच्यात साधं पीठ. कोणाला काय मिळालंय, ते शेवटपर्यंत मलाही कळणार नाही."

पण सुषमाताईंना पहिल्याच दिवशी कळलं. डबी उघडून त्यांनी वास घेतला आणि जाहीर केलं, "अस्सल कांडवेल."

"मला पीठच मिळालंय," अंजनी म्हणाली. "माझं नशीबच तसलं."

वर्षभर हेच चाललं. सुषमाताईंना रोज नवा गुण येई. लिफ्ट सोडून त्या जिन्याने चढायला लागल्या. मनगट बरं झाल्यावर डॉक्टरांना विचारून त्यांनी गच्चीवर बायका जमवल्या. एका पायावर उभं राहा, खुर्चीतून हात न टेकता उठा, असा कबड्डीच्या सरावासारखा कडक कारभार. अंजनीही जांभूळहून रिक्षा करून यायची, कुरकुरत सगळं करायची आणि जाताना म्हणायची, "मला काय फरक नाय बाबा."

वर्ष सरल्यावर डॉक्टर मीनलनी दोघींना बोलावलं.

"सुषमाताई, तुमच्या कॅप्सूलमध्ये पीठ होतं. कांडवेल अंजनीताईंना मिळाली होती."

"पण मला वास यायचा."

"वास दोन्हींना मुद्दाम सारखाच दिला होता."

"आणि मला जो गुण आला तो?"

"तो खराच आहे. तुमची हाडं आधीपेक्षा थोडी सुधारलीत. औषध चुकवलं नाहीत, वर्षभर व्यायाम केलात."

अंजनीचीही सुधारली होती. मग कांडवेलीचं काय, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "कांडवेल घेतलेल्यांना थोडा जास्त फायदा झाल्यासारखा दिसतोय. पण माणसं मोजकीच होती, ठाम सांगता येणार नाही. आता मोठा अभ्यास करावा लागेल."

बाहेर आल्यावर दोघी जवळच्या सिंधी हॉटेलात दाल पकवान, म्हणजे डाळ आणि कडक पुरी, खायला बसल्या. अंजनी उगाचच ताठ बसली होती. वर्षभर जिला पीठ म्हटलं, ती कॅप्सूलच खरी निघाल्याचा तोरा चेहऱ्यावर मावत नव्हता. सुषमाताई मात्र पकवानाचे नुसते तुकडे करत होत्या. वर्षभर आपण पिठाची जाहिरात केली, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. तेवढ्यात अंजनी गंभीरपणे म्हणाली, "तरी मला वाटतच होतं, काहीतरी फरक पडतोय." सुषमाताईंना असं हसू फुटलं की पकवानाचा तुकडा हातातून सुटून ताटात पडला. मग अंजनीही हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर बायका वाटच बघत होत्या.

"काकी, ती कॅप्सूल कुठे मिळते ते आज सांगाच," हर्षदा म्हणाली. "तुमच्यासारखं व्हायचंय आम्हाला."

क्षणभर सुषमाताईंना वाटलं, काहीतरी गोलमाल बोलून वेळ मारून न्यावी. पण ते त्यांना कधी जमलं नव्हतं.

"पीठ होतं गं ते," त्या म्हणाल्या. "साधं पीठ. आता भिंतीचा आधार सोड आणि उजवा पाय उचल."