मूतखड्याची थाप

आमच्या मुलाला मूतखडा झाला आहे, असं मी घरात सांगितलं तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि मूतखडा त्याला अजिबात झालेला नव्हता. आयुष्यात मी थापा पुष्कळ मारल्या. शाळामास्तराला त्या माराव्याच लागतात. पण बाकीच्या माझ्या अंगाशी आल्या. ही त्या पोराच्या अंगाशी आली.

खरा प्रकार असा. लघवीला गेलं की पोर भिंतीला टेकून ओठ चावायचं. धार सुतासारखी, तीही थांबत थांबत. मग एकदोनदा तापही येऊन गेला, तेव्हा फिरायला जातो असं घरात सांगून मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर घाटावरचे, बोलायला रोखठोक. तपासून म्हणाले, "पुढची कातडी घट्ट आहे, तोंड फार बारीक आहे. लघवी तुंबते, म्हणून ताप. कातडी काढून टाकू. थोडक्यात आटपेल."

"म्हणजे... सुंता?" मी आवाज इतका खाली नेला की डॉक्टरांना पुढे वाकावं लागलं.

"तुम्ही काय हवं ते म्हणा. मी ऑपरेशन म्हणतो. आणि फार दिवस लावू नका."

मला धक्का बसला असं म्हणण्याची सोय नव्हती. दुखणं माझ्या ओळखीचं होतं. त्याच्या वयाचा असताना मीही असाच भिंतीला टेकायचो. शाळेत लघवीला जाऊन यायला मला इतका वेळ लागे की पंतोजी छडी उगारून विचारत, "काय रे, विहीर उपसून आलास काय?" वर्ग हसायचा, आणि आपण वेगळे पडू नये म्हणून मीही हसायचो. घरी आई खोबरेल कोमट करून द्यायची. वडील तेवढा वेळ पंचांगात तोंड खुपसून बसायचे. माझ्या दुखण्याविषयी एक शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. बाराव्या वर्षाच्या सुमारास ते सगळं आपोआप सुटलं. कसं, ते मला आजही माहीत नाही. आमच्या वर्गात कुणी "जाऊन येऊ?" म्हणून बोट वर केलं, तर मी आजवर नाही म्हटलेलं नाही, एवढाच त्या शिक्षणाचा उपयोग.

तर माझा हिशेब असा, की माझं सुटलं तसं त्याचंही सुटेल. पण माझ्या त्या पाच वर्षांतली एकेक दुपार मला आठवत होती, आणि मला ताप कधी आला नव्हता.

शिवाय वैशाखात मुंज ठरली होती. मुंजीत बटूला भर मांडवात न्हाऊ घालतात, लंगोटी नेसवतात, आणि गावोगावचे नातेवाईक कोंडाळं करून उभे असतात. त्यांतल्या एकाची जरी नजर पडली असती, तरी जेवणाची पानं मांडून होईपर्यंत बातमी चिपळूणला पोचली असती.

मांडवीला माझा एक मुसलमान वर्गमित्र काथ्याच्या दोरांचं दुकान चालवायचा. दोन दिवसांनी त्याच्याकडे जाऊन मी अर्धा तास सुंभाचे भाव विचारले. शेवटी म्हटलं, "काय रे, सुंता करताना फार दुखतं काय?"

तो हातातला दोर ठेवून हसायलाच लागला. "मास्तर, तुझी करायचीय? वय गेलं रे तुझं!"

मी हसलो नाही.

"पोराची?"

मी मान हलवली.

"मला त्यातलं एवढंच आठवतं बघ, नवा सदरा मिळाला नि नारळाचे लाडू मिळाले. सगळा मोहल्ला बघायला आला होता. तुझ्या पोराला मात्र कुणी लाडू द्यायचा नाही. दुखेल तेवढंच, नि वर तू ते लपवशील."

तिथून परतताना मी ठरवलं, की काही ठरवायचं नाही. मुंज होऊ दे, मग बघू. तोवर घरात सांगायला काहीतरी हवं, म्हणून मूतखडा. डॉक्टरांनीच सांगितलं, असंही मी वर ठेवून दिलं.

आता कोकणात मूतखडा म्हटलं की औषध घरोघरी. दुसऱ्या सकाळी शेजारच्या काकू तांब्याभर कुळथाचं कळण घेऊन हजर. "काय हो मास्तर, आम्हांला परके समजलात? खडा कसा विरघळत नाही तेच बघते मी!" सकाळी कळण, दुपारी शहाळी, संध्याकाळी पुन्हा कळण. पोराच्या भाट्याच्या मामांनी शहाळ्यांची पेंडच झाडावरून उतरवून पाठवली. सगळ्यांचा मंत्र एकच : लघवी भरपूर झाली पाहिजे.

आणि पोराचं दुखणं नेमकं तेच होतं. जितक्यांदा पाणी पोटात जाई, तितक्यांदा त्याला भिंतीपाशी जावं लागे. मी हे बघत होतो. एकदा त्यानं पेला पुढे केला नि म्हणाला, "अण्णा, थोडं तुम्ही प्या ना." काकू समोर उभ्या होत्या. मी म्हटलं, "प्यावं रे, बरं वाटेल." त्यानं डोळे मिटून पेला रिकामा केला.

चौथ्या दिवशी दुपारी त्याची लघवी बंदच झाली. पोट दगडासारखं. तो ओरडत होता, आणि काकू म्हणत होत्या, "खडा सुटला वाटतं! आणखी एक पेला द्या!"

पेला त्याच्या ओठांना लागायच्या आत मी हिसकावला आणि सगळं बोलून टाकलं. खडा नाही, कातडी आहे, डॉक्टर कापायला सांगतात, मी घाबरलो.

आमची मंडळी, म्हणजे पोराची आई, मला नेहमी आडून 'इकडून' म्हणून बोलायची. त्या दिवशी सरळ म्हणाली, "तुम्हांला काय वाटलं, मला दिसत नाही? त्याला न्हाऊ मी घालते. डॉक्टर खडा म्हणाले म्हणालात, म्हणून मी आपल्या हातानं पाजलं त्याला."

"पण मुंजीत लोक—"

"ज्याला लंगोटीच्या आत बघायचं असेल त्याला माझ्याकडे पाठवा."

काकू तांब्या उचलून निघून गेल्या. हिनं पोराला कडेवर घेतलं, मी मागून छत्री धरून चाललो. दुसरं काही करण्यासारखं माझ्याकडे उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी पोराच्या पोटावर हात ठेवला आणि मला एकच विचारलं, "आठवडाभर काय करत होतात?" मी सही केली. क्लोरोफॉर्मचा वास व्हरांड्यात येत होता. आत काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी माझा काही उपयोग नव्हता. वडिलांच्या हातात निदान पंचांग असायचं.

संध्याकाळी तो शुद्धीवर आला. रडला, झोपला, पुन्हा रडला. सकाळी म्हणाला, लघवी लागलीय. वर्गमित्राच्या लाडवांचं मी रात्री हिला सांगितलं होतं, म्हणून ही लाडवांसाठी नारळ खवायला घरी गेली होती. मी त्याला धरून मोरीपर्यंत नेलं. तो भिंतीला टेकला, सवयीनं ओठ दातांत धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "अण्णा, दुखेल?"

नाही म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं.

"मला ठाऊक नाही रे," मी म्हटलं.

त्यानं माझं बोट घट्ट पकडलं. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.